त्याले काच असते

शकुनताईचा आवाज फोनमधून आला तेव्हा गजेंद्र नांदगाव पेठेच्या कारखान्यात, गोदामातल्या सुताच्या पेट्यांवरची लेबलं वाचत उभा होता. ताई हल्ली लिहून पाठवत नाही, बोलून पाठवते. त्याने फोन एका कानाला लावला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं, कारण शेजारच्या शेडमधले माग थांबत नाहीत. "गजू, तुह्या त्या मशीनवर मले एक पाटी करून दे बापा. सागाची. 'नमुने येथे द्यावेत' असं लिवजो, मोठ्या अक्षरात. म्याडमनं मले आता समोरच्या टेबलावरच बसवलं. लोकं येतात अन् भलत्याच खिडकीत बाटल्या ठेवून जातात. घाई नाई काही. पण चांगली करजो." एवढंच. त्याने ते पुन्हा ऐकलं. आवाजात तक्रार नव्हती. बाजारातून येताना कोथिंबीर आणजो म्हणावं तसं ती बोलली होती. तरी 'समोरच्या टेबलावरच' यातला तो शेवटचा 'च' त्याच्या कानात अडकून बसला. हातातली यादी कुठवर वाचली होती ते त्याला आठवेना. त्याने पहिल्या पेटीपासून पुन्हा सुरुवात केली, आणि तिसऱ्या पेटीपाशी पुन्हा थांबला.

शकुनताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. अकोल्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं ती मायक्रोस्कोपसमोर बसली. काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, त्यातल्या तांबड्या-पांढऱ्या पेशी, मलेरियाचा जंतू. बोलता बोलता ती तो पकडायची आणि बोलणं न तोडता कागदावर टिपून ठेवायची. एका भिंगाच्या जुन्या यंत्रावर शिकलेली, त्यामुळे लॅबमध्ये दोन भिंगांचं यंत्र आलं तरी ती डावा डोळा मिटूनच बघायची; डाव्याने बघायला गेली तर तिला पेशी ओळखूच यायच्या नाहीत. ही सवय तिच्या अंगात भिनली होती. दुकानात तूर घेतानाही ती चार दाणे तळहातावर घेऊन डावा डोळा मिटायची, आणि दुकानदार आपोआप मागचं पोतं उघडायचा. गावाकडे, नांदगाव खंडेश्वरच्या घरी, तो सहा-सात वर्षांचा असताना, त्याच्या तळपायातला बाभळीचा काटा तीच काढायची. पाय मांडीवर, चेहरा इतका जवळ की तिचा श्वास तळव्याला लागून गुदगुल्या व्हायच्या. हलू नको, दिसला मले, म्हणायची. तिला दिसला म्हणजे काटा निघालाच.

लाकडावर लेसरने जाळून अक्षरं काढणारी ती मशीन त्याने सप्टेंबरात मागवली होती. सेहेचाळिसाव्या वर्षी, निव्वळ स्वतःच्या हौसेसाठी घेतलेली ती पहिलीच वस्तू. फोनवर कुणालातरी फळीवर वाघ काढताना त्याने पाहिलं होतं. एक निळा ठिपका लाकडावरून सरकतो, मागे तपकिरी रेघ उमटते, आणि रेघांचा वाघ होतो. शाळेत त्याचा हात चित्रात बरा होता. पुढे ते कुणाला आठवलं नाही, त्यालाही नाही. रागिणी, त्याची बायको, म्हणाली, "हे काय आता नवीन?" पण मागची बंद गॅलरी तिनेच झाडून दिली. अॅल्युमिनियमचे चार दांडे, पट्टे, चिमटीत न मावणारे स्क्रू जोडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. खिडकीत धूर ओढणारा पंखा बसला. मग शिकणं. लाकूड आणि मशीनचं डोकं यांत अंतर किती ठेवायचं, ते एका छोट्या पट्टीने मोजून. वेग किती, ताकद किती. प्लायवूडच्या तुकड्यावर त्याने बारीक चौकोनांची ओळच्या ओळ जाळली, बिस्किटाच्या रंगापासून कोळशाच्या काळ्यापर्यंत, आणि तो तुकडा खिळ्याला टांगून ठेवला. परतवाड्याचा पिंटू सुतार सागाच्या उरलेल्या तुकड्यांचं पोतं देऊन गेला. साग प्लायसारखा जळत नाही. त्यात तेल असतं, धूर अक्षरांच्या कडेला चिकटतो, म्हणून आधी वरून कागदी टेप लावायची, जाळायचं आणि टेप सोलून काढायची. सोलल्यावर खालून स्वच्छ अक्षर निघायचं, तेव्हा गॅलरीत एकटा असूनही त्याला हसू यायचं. "तुमच्या कपड्याले होळीचा वास येते," रागिणी म्हणायची.

मशीनसोबत एक पुस्तिका आली होती. तिच्यात तीन गोष्टी लाल अक्षरात होत्या. मशीनच्या डोक्याभोवतीची नारिंगी काच काढू नये. खोलीतल्या प्रत्येकाने सोबतचा रंगीत चष्मा लावावा. लाकडाखाली चकचकीत धातू ठेवू नये. त्याने त्या वाचल्या होत्या, एकदा नाही, दोनदा. हे तो पुढे स्वतःला सारखं सांगायचा, कारण वाचलं नव्हतं असं म्हणायला त्याला फार आवडलं असतं. काच चुंबकाने चिकटलेली होती, धुराने मळायची, आतलं नीट दिसायचं नाही. पंधरा दिवसांतच तो ती काढून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवू लागला. लाकडाखाली ठेवायची जाळी अजून मागवायची होती, म्हणून टेबल जळू नये यासाठी त्याने स्वयंपाकघरातलं स्टीलचं जुनं ताट घेतलं. आणि चष्मा एकच आला होता. खोलीत तो एकटाच असायचा.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी ताई अमरावतीला त्याच्या घरी आली होती, तिच्या पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला. दुपारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "चाल, दाखव तुही मशीन. रागिणी म्हणते नवरा गॅलरीतच राहते." त्याला इतका आनंद झाला की हात धुतलेले पुसायचं राहिलं. तुझं नाव कापून देतो, किल्ल्या अडकवायला, असं तो म्हणाला. पातळ प्लाय ताटावर ठेवला. चष्मा डोळ्यावर चढवला, सवयीने. आणि इथे, या जागी, त्याला स्पष्ट आठवतं की हा चष्मा ताईला द्यावा असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. दार किलकिलं करून कुणी आत बघावं आणि निघून जावं तसा. दिला असता तर मग त्याला बघता आलं नसतं. "लांबून पाह्य," तो म्हणाला. "हो," ती म्हणाली. ठिपका सरकू लागला. 'श' झाला. प्लायचा गोडसर, खोकला आणणारा धूर वर चढला. "अरे, हे तं लई बारीक काम हाय!" ती म्हणाली, आणि वाकली. डावा डोळा मिटून, काचपट्टीवर वाकावं तशी. प्लायला आरपार भोक पडलं की खालचं ताट क्षणभर पेटल्यासारखं चमकायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळी-पांढरी झाक पळायची. चष्म्यातून त्याला ते सगळं मंद, मातकट दिसत होतं. तीन सेकंद असतील, चारही असतील. त्याने मशीन थांबवली नाही. 'कु' सुरेख कापला जात होता, आणि तो अक्षर बघत होता.

ती सरळ झाली, डोळा चोळला आणि हसली. "लई तेज हाय बापा." नाव पर्समध्ये टाकलं, संध्याकाळच्या बसने अकोल्याला गेली. सोमवारी ती कामावर बसली तर नजरेच्या मधोमध एक मळकट पिवळा डाग. तिने भिंग पुसलं. पट्टी बदलली. दुसऱ्या यंत्रावर जाऊन बसली. डाग तिच्याबरोबर तिथेही आला. तेव्हा तिने यंत्रावरून मान काढून समोरच्या भिंतीकडे एका डोळ्याने पाहिलं, आणि घड्याळाचे काटे जिथे एकत्र येतात तिथे तिला काहीच दिसलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिच्यासोबत गजेंद्र गेला. भाऊजी सहदेवराव एसटीत, तेव्हा लांबच्या गाडीवर होते. डॉक्टरांनी पडद्यावर तिच्या डोळ्याच्या आतलं चित्र दाखवलं, करड्या थरांचं, नांगरलेल्या शेताचा काप दिसावा तसं, आणि मधोमध एक खळगी. "सूर्याकडे, ग्रहणाकडे, वेल्डिंगकडे कधी टक लावून पाहिलंय?" त्यांनी विचारलं. "सूर्याले तं मी रोज पाणी देते," ताई म्हणाली. "कधीपासून?" "चवदा-पंधरा वर्षांची होती तेव्हापासून. मायनं लावलं." "आणि सूर्याकडे बघता?" "पाण्याच्या धारेतून बघाचं असते ना. मायनं तसंच शिकवलं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग हेच आहे." थोडं थांबून म्हणाले, "एकाच डोळ्याला, हे जरा नवल आहे. पण होऊ शकतं." त्यांनी थेंब दिले, चौकोनी रेघांचा एक कागद दिला. रोज एकेका डोळ्याने त्याकडे बघायचं, मधल्या रेघा वाकड्या दिसतात का ते लिहून ठेवायचं. तीन महिन्यांनी या. गजेंद्र बाजूच्या स्टुलावर बसून होता. 'मग हेच आहे' हे शब्द ऐकले तेव्हा त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं, आणि त्या सैल होण्याची लाज त्याला नंतर, फार नंतर वाटली.

बाहेर, चपला घालताना, ताईने विचारलं, "गजू, तुह्या मशीनचं तं नसन ना काही?"

"नाई व ताई," तो म्हणाला. "त्याले काच असते."

'होती' नाही, 'असते'. असते हे खरंच होतं. मशीनला काच असते. बनवणाऱ्याने ती दिलेली असते. पुस्तिकेत तिचं चित्रसुद्धा आहे. 'होती' म्हणाला असता तर खोटं झालं असतं. हे त्याने ठरवून केलं नव्हतं. जिभेनेच वाट काढली, पाण्याने काढावी तशी, आणि तो नंतर कित्येक दिवस त्या एका क्रियापदाभोवती फिरत राहिला. बसमध्ये, गोदामात, जेवताना. ताईने मात्र पुन्हा विचारलं नाही. काच असते म्हटल्यावर तिच्यासाठी तो प्रश्न संपला. लहानपणापासून त्याचं म्हणणं ती असंच ऐकत आली होती.

त्याच संध्याकाळी तिने मायला फोन केला. "माय, तुह्या पाण्यानं डोळा गेला व माहा," असं म्हणाली, अर्धं रागाने, अर्धं चेष्टेने. माय, रुख्मिणी, सत्याहत्तर वर्षांची, गावी एकटीच राहते. शेजारच्या माणिकबाईचं दिवसभर येणं-जाणं असतं, तेवढीच सोबत. जानेवारीत गजेंद्र गेला तर माय सकाळी अंगणात आलीच नाही. तांब्याचा लोटा फळीवर उपडा होता. उन्हं अंगणात उतरली, भिंतीवरून खाली आली, चुलीपर्यंत पोचली, तरी ती पाठ करून बसलेली. "म्याच शिकवलं रे तिले," ती म्हणाली. "डोळे मिटत होती लेकरू. म्याच म्हटलं, उघड, पाह्य त्याच्याकडं, तेज येते डोळ्याले. तिची हनुवटी धरून वर केली म्या." तिने स्वतःची हनुवटी दोन बोटांत धरून दाखवली. गजेंद्र भाकरीचा घास हातात घेऊन बसला होता. आत्ता, असं त्याला वाटलं. आत्ता सांग. "जाऊ दे माय," तो म्हणाला, "होऊन गेलं." आणि घास तोंडात घातला. ज्वारीची ऊन भाकरी, जवसाची चटणी. त्याला चव लागली, चांगली लागली. तेच त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

अमरावतीला तो रोज सकाळी आरशासमोर उभा राहून डावा डोळा हाताने झाकायचा आणि उजव्याने टूथपेस्टवरची बारीक अक्षरं वाचायचा. ताईच्या रेघांच्या कागदाचा फोटो काढून त्याने छापून आणला होता. त्याच्या रेघा सरळ होत्या. मधोमधच्याही. एखादी तरी वाकावी असं त्याला वाटे, आणि नाही वाकली की हायसं वाटे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात होत. मशीन त्याने डिसेंबरभर चादरीखाली झाकून ठेवली. रागिणी म्हणाली, "झाली हौस?" तो हो म्हणाला. मग दुसरा चष्मा मागवला, जाळी मागवली, काच परत बसवली. आता सगळं पुस्तिकेप्रमाणे होतं.

आणि आता ही पाटी.

रविवारी सकाळी त्याने पोत्यातून सागाची बरी फळी काढली, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली, टेप लावली. रागिणीला गॅलरीकडे येऊ नको म्हणाला, दार आतून लावलं. 'नमुने येथे द्यावेत'. लॅपटॉपवर अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली. मोठ्या अक्षरात लिवजो, असं ती का म्हणाली होती? लोकांना दिसावं म्हणून? की तिला? अठ्ठावीस वर्षं जिने दिसत नाही ते शोधून दाखवलं, ती आता लोकांच्या बाटल्या घेणार आणि त्यांना बोट दाखवणार. ती पाटी तो करणार, याच मशीनवर, दोन चष्मे जवळ ठेवून. त्याने सुरू करायचं बटण दाबलं. निळा ठिपका नारिंगी काचेआड मंदसा सरकू लागला, सागाचा तेलकट कडू धूर पंख्याकडे ओढला गेला. एक तास वीस मिनिटं तो ठिपक्याकडे बघत बसला. टेप सोलली तेव्हा अक्षरं स्वच्छ निघाली, आजवर केलेल्या कामात सर्वांत देखणी. त्याला हसू आलं नाही. त्याला वाटलं, हे तिच्या हातात देताना आपण काय म्हणणार? आवडली का? आणि ती म्हणेल, छान झाली बापा. मग तो परत येईल, ती पाटी तिथे राहील, ताई तिच्यामागे बसेल, रोज, निवृत्त होईपर्यंत. हे तो बघू शकत होता. जे आपल्याला इतकं स्पष्ट दिसतं आहे ते आपण करू, हेही त्याला दिसलं. तेव्हा मात्र त्याला स्वतःची भीती वाटली.

सोमवारी रजा टाकून तो मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाणाऱ्या बसने निघाला. लॅबमध्ये दुपारची वेळ, गर्दी ओसरलेली. ताईने पाटी वर्तमानपत्रातून काढली, टेबलावर उभी केली, अक्षरांवरून बोट फिरवलं. "छान झाली बापा," ती म्हणाली. आतल्या खोलीत तिच्या जुन्या जागेवर दीक्षा नावाची नवी मुलगी बसली होती, दोन्ही डोळे उघडे ठेवून यंत्रात बघत. "हुशार हाय पोरगी," ताई म्हणाली. "अडलं तं विचारते मले. आता म्या काय सांगू, मले दिसलं तं सांगीन." तिने चहा मागवला. कपातून तिने पहिला घोट घेतला तेव्हा तो म्हणाला,

"ताई, ते सूर्याचं नाई."

"काय?"

"तुहा डोळा. ते माह्या मशीनचं हाय. काच नव्हती तिच्यावर. म्या काढून ठेवली होती."

तिने कप बशीत ठेवला. "तू तं म्हणाला, काच असते."

"असते. त्या दिवशी नव्हती. खाली स्टीलचं ताट होतं, त्याच्यावरून उजेड वर आला. चष्मा एकच होता अन् तो म्या लावला होता."

त्याला वाटलं ती ओरडेल, किंवा रडेल. तिने टेबलावरची एक कोरी चिठ्ठी ओढली आणि पेन घेतलं. "तारीख?" तिने विचारलं. त्याने सांगितली. "किती वॅटची हाय?" "दहा." "माह्या डोळ्यापासून ताट किती लांब असन?" त्याने हात करून दाखवलं, वीतभर, थोडं जास्त. "किती वेळ?" "तीन सेकंद. चार." तिने सगळं लिहिलं, पेशंटचं लिहावं तसं, चिठ्ठी तिरकी धरून, डाग बाजूला जाईल अशी मान वळवून. मग उठली. दीक्षाला म्हणाली, "समोर लक्ष ठेवजो व." आणि त्याला फक्त, "चाल."

रिक्षा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांपुढे तिने चिठ्ठी ठेवली आणि म्हणाली, "हा सांगते." मग त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं, शुद्ध भाषेत, आणि शुद्ध भाषेत ते आणखी वाईट वाटलं. डॉक्टरांनी पुन्हा चित्र काढलं, जुन्याशेजारी ठेवलं. "एकच डोळा का, ते आता समजलं," ते म्हणाले. ताईने विचारलं, तेव्हाच कळलं असतं तर? डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "गोळ्यांचा एक कोर्स देऊन पाहिला असता. कधी उपयोग होतो, कधी काहीच होत नाही. तुमच्या बाबतीत झाला असता की नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी गजेंद्रकडे पाहिलं, पण रागाने नाही. त्याला राग हवा होता. कुणालाच सांगता येणार नाही, हे वाक्य त्याच्यासोबत पायऱ्या उतरून खाली आलं, आणि त्याला समजलं की ते आता कायमचंच सोबत राहणार.

खाली रस्त्याकडेला, उसाच्या रसाच्या गाडीजवळ, ताई थांबली. "डोळ्याचं जाऊ दे," ती म्हणाली. "म्याच वाकली. तू लांबून पाह्य म्हणाला होता. पण तीन महिने? तीन महिने तू मायकडं जेवून येऊन राहिला, अन् ती अंगणात निघून नाई राहिली, अन् तू पाहून राहिला?" तिचा आवाज चढला नव्हता. रसवाल्याने मात्र चाक फिरवणं थांबवलं. "म्या तिले काय काय बोलली, मालूम हाय तुले? देवाले हात नाई जोडले म्या तीन महिने."



"लाव फोन," ती म्हणाली. "तू सांग. म्या नाई सांगत."

मायने फोन सातव्या-आठव्या घंटीला उचलला. गजेंद्रने सांगितलं. मशीन, उजेड, काच. मायला ऐकू कमी येतं, त्यामुळे त्याला ओरडून सांगावं लागलं, अर्ध्या रस्त्याला ऐकू जाईल असं.

"म्हंजे पाण्यानं नाई झालं?"

"नाई माय."

"सूर्यानं नाई झालं? म्या शिकवल्यानं नाई झालं?"

"नाई. माह्यानं झालं. म्या केलं ते."

हे शेवटचं तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. फोन खाटेवर टाकल्याचा आवाज आला, मग तिच्या पावलांचा, कडी काढल्याचा, आणि मग लांबून, अंगणातून, त्याने आयुष्यात कधी ऐकला नव्हता इतक्या मोठ्याने मायचा आवाज. "वो माणिक! माणिक वो! माह्यानं नाई झालं! ऐकलं काय व, पोरीचा डोळा माह्यानं नाई गेला!" माणिकबाई काहीतरी विचारत होती, आणि माय तेच तेच सांगत होती, रडत की हसत ते इतक्या लांबून ओळखू येत नव्हतं. त्याच्याबद्दल ती काहीच बोलली नाही.

"दे इकडं," ताई म्हणाली. तिने फोन कानाला लावला आणि ऐकत राहिली, बराच वेळ. तिच्या दोन्ही डोळ्यांना पाणी आलं. मग फोन बंद न करताच तिने तो त्याच्या हातात परत दिला आणि रिक्षा थांबवायला रस्त्याकडे गेली. रिक्षा थांबली, ती बसली, रिक्षावाल्याला लॅबचा पत्ता सांगितला. तो मागून येतो आहे की नाही, हे तिने वळून पाहिलं नाही. फोनमधून अजून मायचा आवाज येत होता, आणि गजेंद्रला तो बंद करवेना.